निकालाचा दिवस, गुणगौरव आणि निरोप : कौतुक नेमकं कशाचं करायचं?



एप्रिल उजाडला की आपल्या प्राथमिक शाळांमध्ये एकच गडबड सुरू होते. संकलित मूल्यमापनाचे पेपर तपासायचे, आकारिक नोंदी पूर्ण करायच्या, निकालपत्रक, संचयी नोंदपत्रक, प्रगतीपुस्तकं, आणि या सगळ्यात १ मेची तयारी. सकाळी महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन आणि लगेच निकाल. बऱ्याच ठिकाणी त्याच मांडवात गुणवंतांचा गौरव आणि कुणी सेवानिवृत्त होत असेल तर निरोप समारंभही उरकला जातो. 'उरकला' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ऊन चढत असतं, पाहुण्यांना पुढच्या शाळेत जायचं असतं, आणि वर्षभराच्या कामाचं कौतुक वीस मिनिटांत बसवायचं असतं.

या विषयावर लिहायचं कारण माझीच एक चूक आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते, दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. निकालाच्या दिवशी मी हौसेने पहिले तीन नंबर काढले, स्वतःच्या खर्चाने कंपासपेट्या आणल्या, नावं पुकारली, टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता एका मुलाने विचारलं, "बाई, माझं नाव राहिलं का?" त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे, तो आजीकडे राहून शाळेत यायचा. जूनमध्ये त्याला अक्षरओळखसुद्धा धड नव्हती. मार्चमध्ये तो पाठ्यपुस्तकातलं पूर्ण पान, जोडाक्षरांसकट, बोट न ठेवता वाचत होता. माझ्या वर्गात त्या वर्षी सगळ्यात लांबचा प्रवास त्यानेच केला होता आणि माझ्या यादीत तो सोळावा होता. आजीने विचारलं, "पास झालं न्हवं आमचं पोरगं?" मी म्हणाले, "हो आजी, सगळेच पास." हे उत्तर मला अजून टोचतं.

आता जरा नियमाचं बोलू, कारण पालकांचा इथे नेहमी गोंधळ होतो. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलितचा ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. म्हणजे लहान वर्गात वर्षअखेरच्या पेपरपेक्षा वर्षभराचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय याला जास्त वजन आहे. निकालात श्रेणी असते. ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, आणि असं खाली उतरत जातं. 'कितवा आला' हे लिहायला तिथे जागाच नाही. (पाचवी आणि आठवीला २०२३ च्या बदलानंतर वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा आली आहे, पण तिथेही नंबर काढायला कुणी सांगितलेलं नाही.)

तरीही १ मेला शाळेच्या दारात पहिला प्रश्न असतो, "कितवा आला?" आणि आपणही मागे कच्च्या कागदावर बेरजा करून नंबर काढतोच. खोटं कशाला बोला! कारण सोपं आहे. नंबर एका शब्दात सांगता येतो. बाकीचं सांगायला मुलाकडे वर्षभर पाहिलेलं असावं लागतं.

खरं तर ते आपण पाहिलेलं असतं. वर्णनात्मक नोंदी आपण लिहितोच ना. पण त्या कशा लिहितो हे आपल्याला माहीत आहे. 'वर्गात लक्ष देतो', 'अक्षर सुंदर आहे', 'गटात सहभागी होतो', मोबाईलवर आलेली पन्नास तयार वाक्यं आणि चाळीस मुलं. ती नोंद मुलाची राहत नाही, फक्त रकाना भरला जातो. मी स्वतः दोन-तीन वर्षं हेच केलंय.

आता मी एक साधी वही ठेवते. प्रत्येक मुलाला एक पान. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक नोंद, दिवाळीच्या सुट्टीआधी एक आणि मार्चमध्ये एक. तीनच, त्यापेक्षा जास्त ठरवलं की होत नाही. पण नोंद अशी हवी की ती दुसऱ्या कुणाला चिकटवता येऊ नये. उदाहरणार्थ, जून : दोन अंकी बेरीज बोटांवर करते, हातचा विसरते. मार्च : हातच्याची वजाबाकी फळ्यावर दुसऱ्यांना समजावून सांगते, 'दशकाच्या घरून उसने आण' असं म्हणते. या दोन नोंदी एकाखाली एक ठेवल्या की १ मेला काय वाचायचं ते आपोआप मिळतं. मग प्रमाणपत्रावर 'आदर्श विद्यार्थिनी' छापण्याची गरजच पडत नाही.

कौतुकाच्या शब्दांवर थोडं संशोधनही झालं आहे, ते शिक्षकांनी माहीत करून घ्यावं असं आहे. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि 'मेहनती' म्हटलेली पुढे गेली. शिवाय आपले गुण दुसऱ्यांना सांगताना खोटं वाढवून सांगणारी मुलं 'हुशार' गटात जास्त निघाली. मला यातलं हे शेवटचं फार बोलकं वाटतं. हुशारीचा शिक्का एकदा बसला की तो सांभाळायला मूल काय काय करतं, हे आपण वर्गात पाहतोच. पाटी लपवणं, चुकलेलं खोडून टाकणं, 'मला येत होतं पण...' वगैरे.

म्हणून घरीसुद्धा 'आमची पोरगी फार हुशार' यापेक्षा 'तू पाढे रोज म्हणत होतीस म्हणून आलं' हे बोललेलं बरं. मात्र मेहनत केलीच नसेल तर तेही म्हणू नका, मुलांना लगेच कळतं.

हजेरीच्या बक्षिसाबद्दल माझं मत जरा कडू आहे. १०० टक्के उपस्थितीचं बक्षीस मी बंद केलं. एका वर्षी एक मुलगी तापाने फणफणलेली शाळेत आली. घरी जा म्हटलं तर रडायला लागली, "बाई, माझी हजेरी जाईल." बाकावर निजलेली ती मुलगी पाहून मलाच लाज वाटली. दुसरीकडे, सुगीत आई-बापाबरोबर रानात जावं लागणाऱ्या मुलाची हजेरी त्याच्या हातात नसतेच. कॅलिफोर्नियात कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या वर्गातल्या सुमारे १५ हजार विद्यार्थ्यांवर हजेरीच्या बक्षिसांचा प्रयोग केला होता, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या चांगल्या हजेरीबद्दल ज्यांना अचानक बक्षीस दिलं, त्यांची पुढची हजेरी वाढली नाही, उलट कमी झाली. आपण गरजेपेक्षा जास्तच येतो, असा अर्थ मुलांनी काढला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. आपली मुलं वेगळी, गाव वेगळं, वय वेगळं. पण विचार करायला हरकत नाही.

(आपल्याकडे दुर्बल घटकातल्या मुलींना पहिली ते चौथी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता १९९२ पासून आहे. तो मदतीसाठी आहे, बक्षीस म्हणून नाही, आणि १ रुपयात आता काय येतं हे मी सांगायला नको.)

याचा अर्थ शिष्यवृत्ती, नवोदयवाल्या मुलांचं कौतुक करायचं नाही असा मुळीच नाही. ज्या मुलीने थंडीत सकाळी सात वाजता जादा तासाला येऊन बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवले, तिचं नाव घेतलंच पाहिजे. फक्त एक अडचण बघा. शिष्यवृत्तीचा अंतिम निकाल बऱ्याचदा सुट्टीत किंवा त्यानंतर लागतो, तोवर मूल दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं. म्हणून आम्ही १ मेला निकालाची वाट न पाहता तयारीचंच कौतुक करतो, किती सराव पेपर सोडवले आणि कोणता घटक जड गेला तेसुद्धा सांगून. आणि सगळ्यांनाच सरसकट एकसारखं मेडल देण्याच्याही मी विरुद्ध आहे. चाळीस मुलांना एकच पितळी रंगाचं मेडल दिलं की मुलं ते घरी जाईपर्यंत एकमेकांना मारायला वापरतात.

आता दुसरी बाजू, निरोपाची.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं निवृत्तीचं वय ५८. वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. आणि आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची गंमत अशी की गावोगावच्या जुन्या मुलांची जन्मतारीख १ जून. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, जन्माची नोंद कुठेच नसायची, गुरुजी वय मोजायचे आणि प्रवेशाला बसेल अशी १ जून लिहून टाकायचे. ती मुलं पुढे स्वतः गुरुजी झाली आणि आता ३१ मेला निवृत्त होतात. त्या दिवशी शाळेला कुलूप असतं. तीस-पस्तीस वर्षं शिकवून शेवटच्या दिवशी माणूस रिकाम्या शाळेत चार्ज यादीवर सह्या करतो आणि मोटरसायकलला किक मारून घरी जातो. जूनमध्ये मुलं येतात, विचारतात, "सर कुठंयत?"

आमच्या मुख्याध्यापक सरांचं असंच होतं. म्हणून त्यांचा निरोप समारंभ केंद्राच्या कार्यक्रमात होणार होता तो झालाच, पण मुलांसाठी आम्ही तो एप्रिलमध्येच शाळेत वेगळा केला. त्यात भाषण कुणाचंच नाही. सन्मानपत्राचा मजकूर आपल्याला पाठ असतो, 'मनमिळाऊ, शिस्तप्रिय, विद्यार्थीप्रिय, हसतमुख'. वरचं नाव बदललं की तो कुणालाही चालतो. त्याऐवजी जनरल रजिस्टर काढलं. सरांच्या सहीने दाखल झालेल्या मुलांची नावं शोधली. त्यातली दोन नावं आमच्याच आत्ताच्या मुलांच्या आयांची निघाली, त्या आधीच्या एका मुक्कामात सर याच शाळेवर होते तेव्हाच्या. त्या दोघींना बोलावलं आणि एकच विचारलं, सरांचं काय आठवतं? एक म्हणाली, "मला सात वर्षांची झाल्यावर शाळेत घातलं. सर घरी आले होते, आबांना म्हणाले, पोरगी दोन दिवसांत आली नाही तर मी रोज चहाला येणार." मुलं खूप हसली. तिची मुलगी आईकडे बघतच राहिली.

पण सर या शाळेवर सलग नव्हतेच. आपल्या बदल्या होतात, दर काही वर्षांनी गाव बदलतं. एका शाळेत सगळ्यात जास्त वर्षं कोण असतं, हे तुम्ही तुमच्या शाळेत मोजून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. किंवा शेजारच्या अंगणवाडीच्या ताई.

आमच्या मावशींनी २००३ साली शाळेत पहिल्यांदा चूल पेटवली आणि गेल्या एप्रिलमध्ये गुडघे साथ देईनात म्हणून थांबल्या. त्यांना मिळतं ते मानधन. सेवापुस्तक नाही, पेन्शन नाही, आणि म्हणून 'सेवानिवृत्ती'ही नाही. कागदोपत्री त्या फक्त पुढच्या महिन्यापासून यायच्या बंद होतात. नवीन पिढीच्या पालकांसाठी सांगते, हे जेवण कायम नव्हतं. १९९५ मध्ये योजना आली तेव्हा ८० टक्के हजेरी असली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. मी स्वतः पिशवीतून तो घरी नेलेला आहे, अर्धा रस्त्यात सांडत. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, त्यानंतर शाळेत खिचडी आली आणि आमच्या मावशींसारख्या बायका आल्या.

त्या कधीपासून आहेत हेच आधी आम्हाला नक्की सांगता येईना. त्यांनाही साल आठवेना, "माझी धाकटी पहिलीत व्हती तवा" एवढंच. मग पोषण आहाराच्या जुन्या वह्या आणि शाळा समितीची इतिवृत्तं काढली, तिथे नाव सापडलं. चौथी-पाचवीच्या मुलांना मी त्यावरच गणित घातलं. २००३ ते २०२५ किती वर्षं? वर्षाला शाळेचे दिवस साधारण २००, रोजची मुलं साधारण ४०, तर मावशींनी किती ताटं वाढली? मुलांनी २२ गुणिले २०० गुणिले ४० करून १,७६,००० काढले. तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, कोरोनात कुठं शिजवत होते? कोरडे तांदूळच वाटले की." त्याचं बरोबर होतं. दोन वर्षं वजा केली. २० वर्षं, ४००० दिवस, १,६०,००० ताटं. आम्ही मावशींच्या सन्मानपत्रावर हाच आकडा लिहिला, खाली मुलांनी केलेला गुणाकार हातच्यासकट. एवढं चांगलं सन्मानपत्र मी याआधी लिहिलेलं नाही, आणि हेही मी लिहिलेलं नाहीच.

इथे एक नाजूक गोष्ट सांगितलीच पाहिजे. निरोप समारंभात आपण स्त्री कर्मचाऱ्याला हळदी-कुंकू लावतो, ओटी भरतो. कुणाला वाईट वाटावं म्हणून करत नाही, रीत म्हणून करतो. पण स्वयंपाकी आणि मदतनीस म्हणून काम करणाऱ्या बायकांमध्ये विधवा अनेक असतात. आमच्या मावशीही त्यातल्याच. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात बदली झालेल्या बाईंची ओटी भरायची वेळ आली, तेव्हा मावशी कुणी न सांगता उठून मागे स्वयंपाकखोलीत गेल्या. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गावाने ठराव केला तरच शाळेने वागायचं असं थोडंच आहे? शाळेच्या कार्यक्रमात आम्ही ओटी ठेवलीच नाही. सर असोत, बाई असोत की मावशी, सगळ्यांना सारखंच : गुलाबाचं फूल, पुस्तक किंवा वस्तू, आणि मुलांच्या हातचं पत्र. एक-दोन जणी कुजबुजल्या. कुजबुजू देत.

भेट काय द्यायची यावरही आमची चर्चा झाली. एप्रिलच्या उन्हात शाल कशाला, आणि त्यांच्या घरी आधीच्या दोन आहेतच. शेवटी सर म्हणाले, त्यांनाच विचारा. मावशींनी आधी नको नको केलं. मग मोठी पळी मागितली, जिच्याने त्या इतकी वर्षं भात हलवायच्या. आता आली का पंचाईत! पळी डेडस्टॉक रजिस्टरला नोंदलेली, 'पळी मोठी, १ नग'. निर्लेखन केल्याशिवाय ती देता येत नाही आणि एका पळीसाठी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा म्हणजे मावशींची सत्तरी गाठावी लागेल. मावशीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग. फोटू काढा पोरांसंगं."

तेव्हा लक्षात आलं की बावीस वर्षांत शाळेच्या एकाही गट-फोटोत त्या नाहीत. कपाटातले सगळे फोटो काढून पाहिले. शिक्षक आहेत, समिती आहे, एकदा तर फोटो काढायला आलेल्या माणसाचा मित्रसुद्धा आहे. फोटोची वेळ नेहमी अकरा-साडेअकराची, आणि त्या वेळी मावशी चुलीपाशी.

एप्रिल संपताना, मुलं शाळेत होती त्या शेवटच्या आठवड्यात फोटोवाल्याला बोलावलं. मधल्या दोन खुर्च्यांवर सर आणि मावशी, बाजूला मी, मागे आणि पुढे एक्केचाळीस मुलं. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा हसा." त्यांनी पदर सारखा केला, मुलांनी मान वळवून त्यांच्याकडेच पाहायला सुरुवात केली, फोटोवाला वैतागला. पहिला फोटो निघाला आणि दुसऱ्याच्या आधी मावशी खुर्चीवरून उठल्या.

"तुमी काढा तवर," त्या म्हणाल्या, "भात लागंल."